फुटरेस्ट घासतंय, मागचे शॉकप उंच घालू का? आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत शॉकपचेच प्रश्न जास्त आहेत, पाऊस उघडला की सातारा-सांगलीकडची पोरं मोटरसायकली घेऊन घाटवाटांना लागतात त्यामुळे असेल. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलाय, तेव्हा तुमची गाडी दुसरी असली तरी वाचा.

प्रश्न : सर नमस्कार, माझ्याकडे इंटरसेप्टर ६५० आहे, माझं वजन ९० किलो. रविवारी सकाळी यवतेश्वर घाटातून कासला जाणं ठरलेलं असतं. डावीकडच्या आखूड वळणांना फुटरेस्ट घासतं, आणि बायको मागे असली की डबल स्टँडपण टेकतो, तेव्हा मागचं चाक बाजूला सरकल्यासारखं वाटतं आणि ती घाबरते. गॅरेजवाला म्हणतो एक इंच उंच शॉकप घाल, विषय मिटला. घालू का?
– एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : लगेच घालू नका. आधी एक हिशोब करू, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

वळणात गाडी किती झुकणार हे मुख्यतः वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवते. २० मीटर त्रिज्येचं आखूड वळण धरा, ३० च्या स्पीडला साधारण २० अंश झुकावं लागतं, ४० ला ३२ अंश, आणि ५० ला जवळजवळ ४५. टायरला रुंदी असते त्यामुळे प्रत्यक्षात याहून थोडं जास्तच. म्हणजे स्पीड दहाने वाढला की झुकणं बारा-तेरा अंशांनी वाढतंय.

आता तो एक इंच. शॉकप एक इंचाने लांब केला की गाडीची मागची बाजू साधारण २५ मिमी वर जाते, पण फुटरेस्ट मागच्या चाकावर नसतं ना, ते दोन चाकांच्या साधारण मधे असतं, त्यामुळे त्याला मिळतात फक्त १३-१५ मिमी. फुटरेस्टचं टोक गाडीच्या मधल्या रेषेपासून ४० सेंमी बाहेर आणि जमिनीपासून ३० सेंमी वर आहे असं धरलं तर एवढ्या उंचीने जेमतेम सव्वा अंश जास्त झुकता येतं. वर धरलेल्या वळणावर म्हणजे ४० च्या स्पीडचे ४१ झाले, बास.

आणि त्या ताशी एक किलोमीटरसाठी काय काय सोडताय ते बघा. इंटरसेप्टरचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, साधारण १४०० मिमी आहे, मागून २५ मिमी उचललं की पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांचा कोन एक अंशाने उभा होतो आणि ट्रेल, म्हणजे हँडल फिरतं ती रेषा जमिनीला लागते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, कमी होते. गाडी वळायला हलकी वाटते, पहिल्या दिवशी आवडतेपण, मात्र हायवेला खंबाटकी उतरताना ट्रकच्या वाऱ्यात हँडल चुळबुळ करायला लागतं. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. डबल स्टँडवर घेतली की मागचं चाक पूर्वीसारखं अधांतरी राहत नाही, कधी कधी टेकतंच. आणि चेन चिमट्यावरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या रबरी पट्टीला जास्त घासायला लागते. मी उंच शॉकपच्या विरोधात नाही, पाच ते दहा मिमी वाढवून गाडी छान होते, पण घासणं थांबवायचा उपाय म्हणून एक इंच लांबी घेऊ नका.

मग घासतंय कशामुळे? गाडी उभी असताना तुम्ही जी उंची बघता ती वळणात नसतेच. वळणात शॉकपवरचा भार वाढतो, ३२ अंशांना १८ टक्क्यांनी आणि ४५ ला ४१ टक्क्यांनी, त्यात मधेच खड्डा किंवा उंचवटा आला तर गाडी अजून खाली जाते. इंटरसेप्टरला मागच्या चाकाला वर-खाली व्हायला एकूण ८८ मिमी जागा आहे, पुढे ११०. कंपनीच्या स्प्रिंगवर तुम्ही ९० किलोचे बसलात, मागे अजून एक माणूस, म्हणजे त्या ८८ मधली बरीच जागा गाडी सुरू व्हायच्या आधीच संपली. पुढून-मागून मिळून गाडी ३० मिमी खाली बसली तर जवळजवळ तीन अंश जातात, म्हणजे उंच शॉकप जेवढं देणार त्याच्या दुपटीहून जास्त. तुमची उंची इथे गळतेय, ती आधी अडवा.

त्यासाठी घरीच सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते मोजा, खर्च काही नाही, टेप आणि दोन मित्र लागतात. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत असलं पाहिजे. एक्सलच्या नटापासून सरळ वर सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि तेवढं अंतर लिहून ठेवा. मग गाडी स्टँडवरून खाली घ्या, एका मित्राला हँडल धरायला लावा, हेल्मेट-जॅकेट घालून तुम्ही घाटात बसता तसे दोन्ही पाय वर घेऊन बसा, दोन-तीनदा दाबून सोडा आणि दुसऱ्या मित्राला तेच अंतर मोजायला सांगा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे सॅग. तो चाकाच्या वर-खाली होण्याच्या एकूण प्रवासाच्या ३० टक्क्यांच्या आसपास हवा, तुमच्या गाडीला मागे २५ ते ३०, पुढे ३० ते ३५ मिमी. मागे चाळीसच्या पुढे निघाला तर फुटरेस्ट घासणारच.

जास्त निघाला तर आधी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवलीय ते वाढवा, स्प्रिंगच्या टोकाची खाचांची रिंग असते ती, गाडीबरोबर मिळालेल्या वाकड्या पान्याने दोन्ही बाजूंना सारख्याच खाचेवर फिरवायची. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की प्रीलोडने स्प्रिंग कडक होते. होत नाही, स्प्रिंग तीच राहते, गाडी फक्त वर उचलली जाते. म्हणून अजून एक माप घ्या, तुम्ही न बसता नुसती गाडी किती खाली बसते ते. प्रीलोड वाढवून तुमचा सॅग ३० वर आला पण नुसती गाडी जरासुद्धा बसत नाही, अगदी वर टेकून राहते, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे असं समजा, आणि तेव्हा नवीन शॉकप घ्यायला हरकत नाही. वायएसएस थायलंडची आहे, हॅगॉन इंग्लंडची, ओहलिन्स तर स्वीडनची १९७६ पासूनची, या गाडीसाठी तिघांचेही शॉकप मिळतात, पण ऑर्डर देताना स्वतःचं वजन आणि मागे माणूस किती वेळा असतो हे सांगून त्याप्रमाणे स्प्रिंग मागा. लांबी कंपनीएवढीच किंवा फार तर १० मिमी जास्त. आणि रिबाउंड ॲडजस्ट होणारे बघा, म्हणजे दबलेला शॉकप किती वेगात परत उघडतो ते तुम्हाला बोटाने कमी-जास्त करता येतं. दोन खड्डे पाठोपाठ आले आणि पहिल्यातून गाडी वर यायच्या आत दुसरा आला की ती खाली खालीच बसत जाते, फार जास्त रिबाउंडचा हा तोटा असतो. फार कमी असेल तर उसळी मारते.

पुढचं विसरू नका. मागून गाडी टणक केली आणि पुढचे फोर्क तसेच मऊ ठेवले तर वळणाच्या तोंडावर ब्रेक मारला की नाक खाली आणि शेपूट वर, तशीच तुम्ही गाडी वळवताय. फोर्कवरचं रबरी आवरण वर सरकवून आतल्या नळीला एक केबल टाय बांधा, घाट उतरून या आणि बघा कुठपर्यंत सरकलाय. रोजच शेवटाला जाऊन बसत असेल तर पुढच्या स्प्रिंगापण वजनाप्रमाणे बदला, माझ्या मते तर पैसे एकाच कामाला असतील तर इंटरसेप्टरसाठी आधी पुढच्या स्प्रिंगा आणि ऑइल करावं.

आता डबल स्टँड, आणि हे तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटलं. फुटरेस्टला बिजागरी असते, टेकलं की ते वर दुमडतं आणि तुम्हाला इशारा मिळतो. स्टँड, सायलेन्सर, लेगगार्ड हे दुमडत नाहीत, ते रस्त्यावर टेकले की गाडीचं वजन त्यांच्यावर जातं आणि चाक उचललं जातं, तुम्हाला चाक सरकल्यासारखं वाटलं ते हेच. आज संध्याकाळी खाली वाकून बघा, स्टँड वर गेल्यावर ज्या रबरावर टेकतो ते रबर झिजलंय किंवा पडलंय का, स्टँडची स्प्रिंग ढिली झालीय का. रबर नसलं की स्टँड तेवढा खाली लोंबतो. छोटं काम आहे. आणि वहिनी मागे असतील तेव्हा प्रीलोड वाढवून निघा आणि त्या वळणांना तिशीच्या आत राहा, २० अंशांना काहीच घासत नाही.

चालवण्याचं एक सांगतो. वळणात शिरल्यावर घाबरून थ्रॉटल एकदम सोडला की वजन पुढे येतं, फोर्क दबतात आणि नेमकं तेव्हाच घासतं. स्पीड वळणाच्या आधीच कमी करा, वळणात थ्रॉटल अगदी थोडा पण एकसारखा ठेवा, आणि छाती-खांदे वळणाच्या आतल्या बाजूला न्या, तेवढ्याच स्पीडला गाडीला काही अंश कमी झुकावं लागतं. कासच्या रस्त्याला सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं बघायला आलेल्या गाड्या वळणावरच उभ्या असतात आणि कडेची तांबडी माती रस्त्यावर आलेली असते, तिथे झुकायला राखीव अंश शिल्लक असलेले बरे.

प्रश्न : दादा, क्लासिक ३५० आहे, नवीन इंजिनची. पसरणी घाट चढताना फक्त डाव्या वळणाला खर्रर आवाज येतो, उजवीकडे कधीच नाही. शॉकप एका बाजूचा बसलाय का?
– एक वाचक, वाई

उत्तर : एका बाजूचा शॉकप बसला तर असं होत नाही, दोन्ही शॉकप एकाच चिमट्याला आहेत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत डावीकडे लेडीज फुटरेस्टची लांब पट्टी दिसतेय, साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्यांसाठी लावतात ती, आणि पुढे बाहेरून बसवलेला रुंद लेगगार्ड. पट्टीच्या खालच्या कडेला हात फिरवून बघा, घासल्याची चकाकी दिसेल. घरातलं कुणी तसं बसत नसेल तर ती पट्टी काढून टाका, बसत असेल तर दुमडून वर जाणारी बसवा आणि रोज दुमडायची सवय ठेवा. साडीगार्डला मात्र हात लावू नका, मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून अर्ध्या चाकावर आडोसा असणं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, आणि ओढणी चाकात गेल्यावर काय होतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. लेगगार्ड बदलायचा असेल तर इंजिनाला लगटून बसणारा घ्या.

प्रश्न : माझी पल्सर १५० जुनी आहे, तासगाव रोडला रोज जाणं-येणं. वळणात पुढचं चाक डुलतं आणि ब्रेक मारला की खट्ट आवाज येतो. ओळखीचा मिस्त्री म्हणाला फोर्कमध्ये जाड ऑइल टाकू, गाडी टाइट होईल. टाकू का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : जाड ऑइलने हे जाणार नाही. ऑइल फक्त शॉकपच्या हालचालीचा वेग आवरतं, वजन उचलायचं काम स्प्रिंगचं आहे. नको तेवढं जाड टाकलं की फोर्क दबल्यावर परत उघडायला वेळ लावतो, मग ऊसाच्या ट्रॉल्यांनी जिथे डांबराला लाटा पडल्यात तिथे तो वर न येताच पुढची लाट घेतो आणि हाताला दणके बसतात.

खट्ट आवाजाचा आधी तपास करा. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवा म्हणजे पुढचं चाक वर येईल. फोर्कची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा, टकटक लागली तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे. मग हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या, अगदी सरळ असताना खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेटच्या वाट्यांना खड्डे पडलेत, तिथे आवळून उपयोग नाही, पूर्ण सेट बदलायचा. नंतर मागचं चाक धरून आडवं हलवा, चिमटा बाजूला हलत असेल तर त्याच्या सांध्यातले बुश गेलेत, आणि वळणात पुढचं चाक डुलतंय असं आपल्याला वाटतं तेव्हा बऱ्याचदा मागचे बुशच गेलेले असतात. फोर्कच्या नळीवर ओला पट्टा दिसला तर ऑइल सील बदलून दोन्हीकडे कंपनीने सांगितलेलं ऑइल मापून भरा, अंदाजे नाही, आणि दोन्हीकडे सारखंच. टायर मधून सपाट झालाय का तेही बघा, हायवेला सरळ चालून चालून टायर चौकोनी होतो आणि झुकताना त्या कडेवरून गाडी एकदम पडल्यासारखी वळते. हे सगळं नीट असेल तर या गाडीला वेगळं काही घालायची गरजच पडणार नाही. गळीत हंगामात संध्याकाळी जपून जा, ट्रॉलीतून पडलेल्या ऊसावर कुठलाच टायर धरत नाही.

प्रश्न : सुपर मेटिऑर ६५० घेतलीय. कराडवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाताना फुटरेस्ट सारखं घासतं. शॉकप बदलून किती फरक पडेल?
– एक वाचक, कराड

उत्तर : थोडाच. त्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी उंची, १३५ मिमी आहे, इंटरसेप्टरचा १७४, फुटरेस्ट खाली आणि पुढे आहेत, आणि गाडी २४१ किलोची. ती तशीच बनवलीय, लांब सरळ रस्त्याला निवांत बसून जायला, आणि त्या कामाला ती फार सुंदर आहे. पुढे शोवा कंपनीचे उलटे फोर्क आहेत ते चांगले आहेत, त्यांना हात लावू नका. दोघं असाल किंवा मागे सामान असेल तर प्रीलोड वाढवून निघा, सॅग वर सांगितलाय तसा मोजा, मागे प्रवास १०१ मिमी आहे तेव्हा ३० च्या आसपास आला की झालं. त्यापुढे घासलं तर स्पीड कमी करायची वेळ झाली, या गाडीला दुसरा उपाय मी सांगणार नाही.

प्रश्न : दादा, मी हिमालयन ४५० घेतेय, पण माझी उंची पाच फूट दोन इंच. पाय नीट टेकत नाहीत म्हणून शोरूमबाहेरच्या एकाने लोअरिंग लिंक टाकून दोन इंच खाली करून देतो म्हणून सांगितलंय. सगळे म्हणतात टाक. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : ताई, गाडी घेताय त्याचा खूप आनंद झाला. लिंक टाकू नका, निदान आधी तरी नको. लिंकने मागची बाजू खाली जाते, पुढचे फोर्क तेवढेच राहतात, म्हणजे पहिल्या उत्तरात सांगितलं त्याच्या बरोबर उलट होतं, फोर्क जास्त आडवा पडतो, हँडल जड होतं आणि आखूड वळणाला गाडी बाहेर बाहेर जाते. साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ उभीच राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे पडते. मोठ्या खड्ड्यात मागचं चाक वरच्या मडगार्डला लागू शकतं. या गाडीला २३० मिमी क्लिअरन्स आहे, घाटातल्या फुटलेल्या रस्त्याला तोच तर कामाला येतो.

त्याऐवजी सीट बघा. कंपनीची सीट ८२५ आणि ८४५ मिमी अशी दोन उंचींना बसते, आणि ८०५ ची बुटकी सीट वेगळी मिळते. ती लावून आणि जाड सोलचे बूट घालून बसून बघा. दोन्ही टाचा टेकायची गरज नसते, एका पायाचा पुढचा चवडा पक्का टेकला तरी गाडी सांभाळता येते, थांबताना डावा पाय खाली आणि उजवा ब्रेकवर. आठवडाभर एखाद्या मोकळ्या मैदानावर फक्त थांबणं आणि निघणं करा. एवढं करूनही जमलं नाही तर परत लिहा, मग पुढून-मागून सारखं खाली कसं करायचं ते बघू, पण ते काम कुणाकडून करून घ्यायचं हे आधी ठरवावं लागेल.

प्रश्न : गॅसचे शॉकप म्हणजे वजन गॅसवर पेलतात का? गॅस गेला तर गाडी खाली बसणार का? घाटासाठी साधे बरे की गॅसचे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : वजन स्प्रिंगच पेलते, गॅस वेगळ्या कामाला असतो. शॉकपच्या आत पिस्टन ऑइलमधून वर-खाली जातो. साध्या शॉकपमध्ये ऑइल आणि हवा एकत्र असतात, पाठोपाठ दणके बसले की ऑइलला फेस येतो, आणि फेसातून पिस्टन सुळकन जातो, त्याला आवरणारं काही राहत नाही. घाट उतरताना शेवटच्या वळणांना गाडी सकाळपेक्षा जास्त हलते असं वाटतं ते यामुळे, शॉकप गरम झालेला असतो. ऑइल नायट्रोजनच्या दाबाखाली ठेवलं की फेस येत नाही. काही शॉकपमध्ये गॅस आणि ऑइलच्या मधे सरकता पिस्टन असतो, ही रचना फ्रान्सच्या द कार्बोंनी १९५३ साली आणली, आणि आज बाजूला छोटी डबी असलेले जे शॉकप दिसतात त्यातल्या चांगल्यांमध्ये तेच तत्त्व आहे.

गॅस गेला तर गाडी फारशी बसणार नाही पण डुलायला लागेल. घाट रोजचा असेल तर गॅसचे घ्या. मात्र बाजारात नुसती डबी चिकटवलेले, आत काहीच नसलेले शॉकपपण विकले जातात. घेताना तो कुठे उघडून सर्व्हिस होतो आणि ऑइल-सील सुटे मिळतात का हे दुकानदाराला विचारा, उत्तर नीट आलं नाही तर कंपनीचेच शॉकप नवीन टाका.